झरा, खडक, सात हात

जिवंत माणसांपेक्षा मेलेल्या माणसांशी ज्याचं जास्त जमतं असा एकच इसम मी जन्मात पाहिला, आणि तो माझा सख्खा साळा निघाला. साळे सगळ्यांनाच असतात. कोणाचा पितो, कोणाचा निवडणुकीला उभा राहतो. माझा साळा जुने कागद वाचतो. पहिली काही वर्षं मला वाटायचं, याच्यापेक्षा पिणारा परवडला असता. पिणारा निदान संध्याकाळी पितो. हा सकाळी नऊपासून सुरू.

सरकारी कचेरीत रेकॉर्डरूम सांभाळण्यात त्याची सगळी नोकरी सरली. लग्न केलं नाही. कोणी विचारलं तर म्हणायचा, "दप्तरात मले कोणी कधी उलटून बोललं नाही. मंग घरात काहून बोलून घेऊ?" राहायचा रायपुरात, उरला नावाच्या औद्योगिक भागाच्या रस्त्याला, भाड्याच्या दोन खोल्यांत. तिकडच्या कारखान्यांची काळी धूळ त्याच्या कपड्यांवर, कागदांवर, जेवणाच्या ताटावर बसायची. तो फुंकरही मारत नसे. "अर्धे डोंगर ट्रकात भरून इकडंच येते भाऊजी," म्हणायचा, "आपण जाऊन पाहण्याच्या आधी तेच आपल्याले पाहून जाते." असं साधेपणाने बोलून तो पुढचा घास घ्यायचा. ऐकणाऱ्याचा घास मात्र अडकायचा.

त्याचा नाद एकच. छत्तीसगडच्या डोंगरांत, खडकांच्या कपारीत, हजारो वर्षांपूर्वीच्या माणसांनी गेरूने काढलेली चित्रं आहेत. काही सगळ्यांना माहीत आहेत, तिथे पाट्या लागल्या. पुष्कळशी कोणाला माहीत नाहीत. ती कुठे आहेत हे माझा साळा डोंगर चढायच्या आधीच, कागदांतून शोधायचा आणि मग नकाशावर खूण करायचा. त्यात त्याच्या डोळ्यांत काचबिंदू झाला. बाजूचं दिसणं आधी गेलं, मग जे दिसायचं ते कुलपाच्या भोकातून पाहिल्यासारखं. डॉक्टरने सांगितलं, हेही राहणार नाही. तेव्हापासून त्याची एकच घाई होती. कागदांत एक जागा होती जी त्याला वीस वर्षं सापडली नव्हती, आणि डोळे जायच्या आत ती त्याला स्वतःच्या डोळ्यांनी पाहायची होती. बाकी त्याला या जगाकडून काही नको होतं, पोळीवर तूप सोडून.

त्याचे कागद नागपूरकरांच्या अमलातले, मोडीतले. तेव्हा इकडचा कारभार मराठीत चाले. जमीन मोजायला माणसं जंगलात जायची, त्यांच्याबरोबर एक कारकून असायचा, तो रोजचा मुक्काम आणि रोजचं काम लिहून ठेवायचा. या कारकुनाचं नाव कुठेच नाही. माझा साळा त्याला 'आपले कारकून' म्हणतो. दर रविवारी तो आमच्याकडे जेवायला यायचा आणि आमची ही भाजी निवडत बसलेली असायची तिथे खुर्ची ओढून तिला कारकुनाची खुशाली सांगायचा. एकदा आल्या आल्या म्हणाला, "ताई, आपल्या कारकुनाले ताप हाये. तीन पानं झाले, अक्षर थरथरून राह्यलं." आमची ही मेथी निवडता निवडता म्हणाली, "बाप्पा! मंग आता?" पुढच्या रविवारी दाराशी चप्पल काढायच्या आधी त्याने सांगितलं, "उतरला ताप. अक्षर सरळ झालं." हिने सुटकेचा निःश्वास टाकला. मेलेल्याला दीडशे-दोनशे वर्षं होऊन गेलेल्या माणसाचा ताप उतरला म्हणून माझ्या घरात त्या दिवशी शिरा झाला. मी खाल्ला. शिऱ्याशी माझं वैर नव्हतं.

मी रेल्वेच्या वॅगन कारखान्यातला फिटर. चौथीपर्यंत शाळा, पुढचं शिक्षण लोखंडाने केलं. भुताखेतांवर आमचा विश्वास नाही. विहारात जातो, पंचशील म्हणतो, घरी येतो. साळाही विहारातलाच. पण त्याचं काम करायचं जे तंत्र होतं, ते ऐकून पहिल्यांदा माझ्या अंगावर काटा आला. मी विचारलं होतं, कारकुनाने चित्रांबद्दल लिहिलंय का? तर म्हणाला, "एक अक्षर नाही. चित्र दिसलं म्हणून कोणता कारकून लिहीत बसते? माणसं भेली आन् काम अडलं, तवा लिहिते. वरच्या साहेबाले जबाब द्या लागते ना."

"अबे, वाघाले भेले असन."

"वाघाले भेले तं तो 'वाघ' लिहिते. देवी आली तं 'देवी' लिहिते. 'मजूर पुढे येत नाहीत' लिहून ज्या जागी कारण लिहिलंच नाही, तिथं जा लागते भाऊजी."

म्हणजे हा माणूस चित्रांचा नकाशा करत नव्हता. भीतीचा करत होता. कुठे कुठे माणसांचे पाय थांबले ते तो कागदांतून वेचायचा, आणि तिथे जाऊन पाहायचा. दहातल्या सहा ठिकाणी काहीच नसायचं. पण उरलेल्या चार ठिकाणी कपारीत गेरूची माणसं रांगेने नाचत असायची.

नकाशा त्याच्या झोपायच्या खोलीत, भिंतभर. कागदाला कागद चिकटवून केलेला. त्यावर खुणा करायला तो टाचण्या वापरत नसे. "भोक पाडलं तं जागा दुखते," हे त्याचं उत्तर. तो टिकल्या लावायचा. पाहून आलेल्या जागेला लाल, नुसती कागदावरच्या जागेला काळी. टिकल्या पुरवायची आमची ही. सदर बाजारातून आणलेल्या पाकिटातली अर्धी स्वतःच्या कपाळाला, अर्धी भावाच्या डोंगरांना. मी एकदा संध्याकाळच्या उजेडात त्या खोलीत गेलो तर भिंतीवर शे-दीडशे कपाळं माझ्याकडे पाहत होती. मी बाहेर येऊन बसलो. तो आतून ओरडला, "काहून बे भाऊजी, बसा ना इथं!" 'बे' आणि 'भाऊजी' एका वाक्यात घालणारा साळाही जगात एकच.

मागच्या थंडीत आमची ही गेली. महिना आजारी होती. एका दुपारी, भाऊ औषध आणायला गेलेला असताना मला म्हणाली, "त्याच्यासंगं जात जा. त्याले दिसत नाही आन् तुमाले करमणार नाही." मी म्हटलं, मला चांगलं करमेल. हे मी मरायला टेकलेल्या बायकोला म्हटलं. माझा स्वभावच तसा. ती हसली. तेरा दिवस झाल्यावर साळा आला, पाणी प्यायला, आणि म्हणाला, "ताईच्या टिकल्या उरल्या असन ना?" त्या वेळी हातात पाना असता तर मी फेकून मारला असता. मी त्याला घरातून जा म्हटलं. तो उठला, दार समजून कपाटाकडे गेला, कपाटाला हाताने चाचपून म्हणाला, "हे दार काल इथंच होतं." मला काय झालं कोणास ठाऊक. मी हिच्या डब्यातली पाकिटं काढली, सगळी त्याच्या पिशवीत टाकली, आणि त्याचा हात धरून त्याला उरल्याच्या ऑटोत बसवून आलो.

मग मी त्याच्यासंगं जायला लागलो. अशा माणसाबरोबर रस्त्याने चालणं सोपं नाही. सदर बाजारात तो कापडाच्या दुकानाबाहेरच्या साडी नेसवलेल्या पुतळीवर आदळला आणि हात जोडून म्हणाला, "माफ करना दीदी." पुतळी काही बोलली नाही. तो वाट पाहत उभा. मागे गाड्यांची ही रांग, हॉर्नवर हॉर्न. मी त्याला ओढलं तर म्हणाला, "त्यांनी माफ केलं का?" मी म्हटलं, "हव, केलं." मग निघाला.

डोंगरात तर त्याचं आणखी एक. कोणत्याही कपारीच्या तोंडाशी पोचला की चपला काढायचा आणि आत तोंड करून विचारायचा, "येऊ का?" विचारून थांबायचा. पाच मिनिटं, दहा मिनिटं. एका ठिकाणी आम्ही अकरा किलोमीटर चालत गेलो होतो, माझ्या गुडघ्यांनी राजीनामा दिलेला. याने विचारलं, "येऊ का?" अर्धा तास उभा राहिला, चपला घातल्या, म्हणाला, "नाही म्हणते." आणि परत फिरला! मी त्याला अकरा किलोमीटर शिव्या दिल्या. मराठीत सुरुवात केली, हिंदीत संपवल्या. चार दिवसांनी त्या गावचा एक माणूस बसस्टँडवर भेटला. आम्ही आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी त्या कपारीतलं आग्या मोहोळ उठलं होतं, शेळ्या चारणारे दोघे दवाखान्यात होते. मी साळ्याकडे पाहिलं. तो शेंगदाणे खात होता. "मी काय सांगून राह्यलो होतो?" एवढंच म्हणाला. त्यानंतर तो विचारत असला की मीही चपला काढायला लागलो. विश्वास नाही म्हणून काय झालं, चपला काढायला काय जातं?

आणि ती जागा, वीस वर्षांची. कांकेरच्या अलीकडच्या डोंगरांतली. कारकुनाच्या वहीत तिच्याबद्दल एकच ओळ. मोडीत शब्दांच्या मध्ये जागा सोडत नाहीत, सगळं एका दोरीला टांगलेलं असतं. साळ्याने ती ओळ मला इतक्यांदा वाचून दाखवली की मला पाठ आहे: झरा खडक सात हात मजूर पुढे येत नाहीत. आता जुन्या काळी हात म्हणजे माप. कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत एक हात. शिकलेल्या माणसाला हे ठाऊक असतं. म्हणून साळ्याने वाचलं: झऱ्यापासून सात हातांवर खडक. त्या डोंगराला तीन झरे. तिन्ही झऱ्यांवर हा माणूस वर्षानुवर्षं जाऊन जमिनीवर पालथा पडायचा आणि आपला हात टाकत सात वेळा पुढे सरकायचा. पूर्वेला, पश्चिमेला, सगळीकडे. शेवटच्या खेपेला मीही होतो, डोक्यावर छत्री धरून. गावकऱ्यांना वाटलं, म्हाताऱ्याचा नवस आहे. एक बाई नारळ ठेवून पाया पडून गेली. तो नारळ आम्ही बसमध्ये फोडून खाल्ला. सात हातांवर कुठे चिखल, कुठे करवंदाची जाळी. खडक नाही.

हिला जाऊन चार महिने झाले असतील. रविवारची दुपार. साळा सवयीने जेवायला आला होता, सवयीने तिच्या जागेसमोर खुर्ची ओढून बसला आणि सवयीने तीच ओळ वाचायला लागला. समोर कोणी नव्हतं. त्या रिकाम्या जागेकडे पाहून तो वाचत होता, मध्येच थांबत होता, ती 'हव' म्हणायची तिथे. मला ते पाहवेना. बोलायचं म्हणून बोललो.

"तुया कारकुनानं याच्याआधी कधी अर्धं माप लिहिलं का बे?"

"म्हंजे?"

"माप लिहिलं तं दोन टोकं लिहा लागते. कशापासून कुठवर. लांबी का उंची. माह्या कारखान्यात असं कोणी लिहिलं असतं तं फोरमननं कान उपटला असता."

तो पुढे वाकला. मग वही डोळ्याजवळ, अगदी पापणीला लागेल इतकी जवळ नेऊन पानं उलटत राहिला. "नाही," म्हणाला, "दुसरीकडे सगळीकडं 'पासून' लिहिलं हाये."

"मंग ते माप नाही. हातच हायेत ते. माणसाचे."

 त्याने ती ओळ पुन्हा वाचली, या वेळी थांबत थांबत, एकेक शब्द सोडवत. झरा. खडक. सात हात. मजूर पुढे येत नाहीत. वीस वर्षं तो म्हणत होता की कारकुनाने कारण लिहिलं नाही. कारण तिथेच लिहिलेलं होतं.  ताटात त्याची अर्धी पोळी तशीच राहिली, तूप लावलेली. असं आजवर झालं नव्हतं. शेवटी म्हणाला, "भाऊजी, आपण त्या झऱ्यांवर जमीन मोजून राह्यलो होतो. मान वर कोणी केली?"

पुढच्याच आठवड्यात गेलो. डॉक्टरची तारीख होती, ती बुडवली. डोंगराखाली एक म्हातारी सरईची, म्हणजे साल वृक्षाची, पानं वेचत होती. तिने आम्हाला पाहून हात हलवला. "मंझनिया के बेरा ए, ओती झन जावव बबा." भर दुपारची वेळ आहे, तिकडे जाऊ नका. साळा म्हणाला, "दाई, संध्याकाळपर्यंत मले दिसनच नाही." तिला मराठी किती कळलं माहीत नाही. ती पुन्हा वेचायला लागली.

तिसऱ्या झऱ्यावर आम्ही मान वर केली. झाडांच्या वर, दोन पुरुष उंच चढलं की एक लांब कपार होती, पुढे आलेल्या ओठासारखी. बाराचं ऊन. पाखरू बोलत नव्हतं, आणि झऱ्याचा आवाज खाली येत होता तो वर चढल्यावर एकदम बंद झाला, कोणी दार लावावं तसा. साळ्याने चपला काढल्या. मी काढल्या. त्याने विचारलं, "येऊ का?" मी आजवर कधी लक्ष देऊन ऐकलं नव्हतं. त्या दिवशी ऐकलं. काही ऐकू आलं नाही. पण किती वेळ ऐकू आलं नाही ते मला सांगता येणार नाही. मग तो म्हणाला, "चला."

हात होते. लाल, छातीच्या उंचीला, एका ओळीत, बोटं पसरलेली. आपण पुढे येणाऱ्या माणसाला थांबवायला धरतो तसे. मला एका नजरेत सगळे दिसले. सात. मी मोठ्याने मोजले. माझे पाय पुढे जात नव्हते हे मी कोणाला सांगितलं नसतं, पण लिहायला बसलो तर खरं लिहावं. साळ्याला एका वेळी एकच हात दिसत होता. तो त्या भिंतीला नाक लावून एकेका हातापुढे उभा राहिला, ओळख करून घ्यावी तसा. तासभर लागला. शेवटी तो गुडघ्यांवर बसला, खाली जमिनीपासून वीतभर उंचीवर डोळा लावला आणि तिथेच राहिला.

"आठ," म्हणाला.

"सात."

"आठ हाये भाऊजी. लहान हाये हा. लेकराचा."

मी वाकलो. गुडघा धरून, भिंतीला धरून वाकलो. त्याने माझं बोट धरून जागेवर नेऊन ठेवलं. मला दगड दिसला. बाकीचा दगड उन्हाने तापला होता, तेवढाच गार लागला. सावलीत असेल म्हणून.

"मले नाही दिसत बे."

"तुमाले सगळं दिसते ना," तो म्हणाला, "म्हणून."

खाली उतरलो तेव्हा म्हातारी भारा बांधून बसली होती. तिने विचारलं, "कतका झन मिलिन?" मी उभाच राहिलो. जन्म या मुलखात गेला, एवढी छत्तीसगढी मला कळते. वस्तू मोजताना हे लोक 'ठन' म्हणतात. 'झन' माणसांना. किती जण भेटले, असं ती विचारत होती. मी म्हटलं, "सात." तिने मान हलवली. "नइ बबा, आठ झन हें. नान्हे ला नइ देखेव का?" धाकट्याला पाहिलं नाही का? साळ्याने माझ्याकडे पाहिलं नाही. पण बसस्टँडपर्यंत तो असा चालला, जणू कोणी त्याला त्याच्या नोकरीत एकदाही न मिळालेली बढती दिली.

नंतर ही जागा सरकारी नोंदीत लावायला आम्ही नवा रायपुरला गेलो. रुंद रस्ते, बस तासाने एक. खिडकीवरचा मुलगा चांगला होता, "अंकल, संख्या लिख दीजिए," म्हणाला. तिथे आमचं भांडण लागलं. साळा आठ म्हणे, मी सात म्हणे. सही त्याची लागणार होती, पण फॉर्म मी भरत होतो, कारण तोवर त्याला ओळ दिसेनाशी झाली होती. अखेर त्याने सांगितलं तसं मी लिहिलं, माझ्या फिटरच्या अक्षरात: 'हात आठ. पैकी एक सोबतच्या इसमास दिसला नाही.' आपल्या कारकुनांनाही तो दिसला नव्हता, असं माझ्या समाधानासाठी तो परतीच्या बसमध्ये म्हणाला.

पाऊस लागेपर्यंत त्याचे डोळे पूर्ण गेले. मी त्याला उरल्याहून माझ्याकडे आणला. भांडला, पण आला. आता दुपारी आम्ही दोघं पडवीत बसतो. मी मोडी वाचू शकत नाही आणि तो पाहू शकत नाही, त्यामुळे कारकून बिचारे बंद आहेत. तो सांगतो, डोळे मिटले काय उघडले काय, ते आठ हात तेवढे त्याला स्पष्ट दिसतात. बाकी सगळं पुसट होत चाललं. परवा एकदम म्हणाला, "भाऊजी, ताईचा चेहरा सांगा ना जरा."

मला असलं काही सांगता येत नाही. तरी सुरुवात केली. कपाळ रुंद होतं म्हटलं. दात पुढे, थोडे. हनुवटीवर तीळ, डाव्या बाजूला.

"उजव्या," तो म्हणाला.

"अबे, बेचाळीस वर्षं मी पाह्यला. डाव्या."

"मी तुमच्या आधीपासून पाह्यला. उजव्या."

तेव्हापासून रोज हेच चाललंय. तो डावं मानत नाही, मी उजवं मानत नाही. खरं म्हणजे मलाही आता खात्री नाही. तिचा फोटो आतल्या खोलीत आहे, पडवीपासून पाच पावलांवर. उठून पाहिलं की भांडण मिटेल. तो कधी मला उठा म्हणत नाही, आणि मी काही उठत नाही.